ऑगस्टमध्ये जाताय तर मिन्नेरिया बघाच

एकांनी विचारलंय की ऑगस्टमध्ये श्रीलंकेत जंगलासाठी तीनच रात्री आहेत, तर तिन्ही ‘याला’ राष्ट्रीय उद्यानाजवळ काढाव्यात का? बिबट्याच हवा असेल तर काढा. पण ‘याला’च्या ब्लॉक १ मध्ये, म्हणजे उद्यानाच्या मुख्य भागात, जीपची गर्दी फार. एक बिबट्या आणि भोवती गाड्यांचा चक्का जाम!

मी असते तर दोन रात्री हबरणा गावात राहिले असते. तिथून मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यान जवळ. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेला तिथला तलाव तिकडच्या कोरड्या मोसमात आटत जातो, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी हत्तींचे कळप उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यांचा ऐन हंगाम. सफारी दुपारची घ्या, संध्याकाळकडे कळप मोकळ्यावर येतात. कळप शेजारच्या कौडुल्ला उद्यानात सरकलेले असू शकतात, म्हणून कुठे जायचं ते त्याच दिवशी जीपवाल्याला विचारून ठरवा. सुळेवाला हत्ती मात्र क्वचितच दिसेल. तिथल्या बहुतेक नरांनाही सुळे नसतात.

तिसरी रात्र सिगिरियाला, म्हणजे खडकावरच्या प्राचीन किल्ल्यापाशी. मुक्कामासाठी साधं होमस्टे बघा, घरच्या जेवणात नारळ आणि कढीपत्ता असतो, आपल्या कोकणी जिभेला परकं वाटत नाही. आणि हो, दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचे देवमासे या फेरीत विसरा, त्यांचा मोसम डिसेंबर ते एप्रिल.