आजोबांच्या फोटोतला रेल्वेचा डबा कुठला? (घरचे म्हणतात डेक्कन क्वीन)

सांगलीची_नात
नमस्कार मंडळी, आजोबांच्या अल्बमात एक कृष्णधवल फोटो सापडलाय. आजोबा कोट टोपीत, हातात होल्डॉल, मागे रेल्वेचा डबा. घरात सगळे वर्षानुवर्षं सांगतात की हा डेक्कन क्वीनसमोरचा फोटो, आजोबा मुंबईला इंटरव्ह्यूला निघाले तेव्हाचा, आत्या तर पैज लावायला तयार आहे. पण मला तो डबा फारच साधा वाटतो, लाकडी बहुतेक. फोटोच्या मागे काहीही लिहिलेलं नाही.
मला जे दिसतंय ते सांगते. दाराशेजारी तीन उभ्या रेघा रंगवल्यात. वरच्या पट्टीवर इंग्रजीत एस आर. डब्याच्या टोकाला मधोमध एकच जाड लोखंडी बफर (डब्यांचा धक्का झेलणारा दट्ट्या), दोन्ही बाजूंना काही नाही. आणि डाव्या कडेला लांबच्या रुळावर मालगाडीची एक वाघीण अर्धवट आलीय, तिला मात्र दोन बफर आहेत आणि अंगावर ई आय लिहिलंय. शोधलं तर ई आय म्हणजे ईस्ट इंडियन रेल्वे असं कळलं, मग फोटो काय कलकत्त्याचा?? आजोबा आयुष्यात तिकडे गेले नाहीत. निदान साधारण साल कळलं तरी खूप झालं.

कुर्डुवाडीकर
तीन रेघा म्हणजे रोमन तीन हो ताई, थर्ड क्लास! तिथेच डेक्कन क्वीन बाद, कारण ती १९३० ला सुरू झाली तेव्हा फक्त फर्स्ट आणि सेकंड होती, थर्ड क्लास त्या गाडीला जून १९५५ मध्ये लागला. शिवाय ती ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, तिला दोन बफर हवेत.
मधोमध एक बफर म्हणजे आमची बार्शी लाईट, डोळे झाकून सांगतो. अडीच फुटी नॅरोगेज, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आणि कुर्डुवाडीला शेजारीच ब्रॉडगेज, म्हणून ती दोन बफरवाली वाघीण. आजोबा आषाढीला निघाले असतील, विषय संपला 😄

रूळवेडा
थर्ड क्लासचं बरोबर, पण बार्शी लाईट नाही, डोळे उघडून बघा की राव. एकच बफर नॅरोगेजला असायचा तसा मीटरगेजलाही (रुळांत एक मीटर अंतर) असायचा, त्यामुळे नुसत्या बफरवरून एवढंच कळतं की डबा ब्रॉडगेजचा नाही.
खरी गोष्ट एस आर मध्ये आहे. एस आर म्हणजे सदर्न रेल्वे, ती झाली १४ एप्रिल १९५१ ला, त्याआधी याच डब्यांवर एम एस एम असायचं, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा. बार्शी लाईट १९५४ च्या जानेवारीपर्यंत खासगी कंपनीची होती आणि सरकारने घेतल्यावर सेंट्रल रेल्वेकडे आली, सदर्नशी तिचा संबंधच नाही. उलट सांगलीच्या माणसाच्या दारातली सदर्नची मीटरगेज म्हणजे पुणे मिरज लाईन, ती ब्रॉडगेज झाली सत्तरच्या सुमारास, तोवर मिरजेहून मीटरगेजने पुण्याला यायचं आणि मुंबईला जायचं तर तिथे गाडी बदलायची.
आता वाघीण. ताई, ई आय वाचून कलकत्त्याला जाऊ नका. ब्रॉडगेजच्या वाघिणी सगळ्या रेल्वे मिळून सामायिक वापरायच्या, कुठल्याही रेल्वेची वाघीण देशात कुठेही सापडायची, त्यामुळे वाघिणीवरच्या अक्षरांवरून स्टेशन कधीच ठरवायचं नाही. प्रवासी डबे मात्र बहुतेक आपापल्या लाईनवरच फिरायचे, म्हणून त्यांच्यावरचं नाव कामाचं. पण साल काढायला ई आय उपयोगी पडतं. ती रेल्वे एप्रिल १९५२ मध्ये ईस्टर्न आणि नॉर्दर्नमध्ये वाटली गेली आणि वाघीण पुढच्या वेळी वर्कशॉपला गेली की अक्षरं बदलायची, म्हणजे अजून ई आय आहे तर बावन्नपासून फार लांब नाही. इकडे सदर्न झालेली, तिकडे ईस्ट इंडियनचा रंग अजून तसाच, म्हणजे माझ्या मते १९५१ ते ५६ च्या आसपास.
पुणे की दुसरं स्टेशन हे पक्कं करायला एक बघा, वाघिणीच्या डोक्यावर विजेच्या गाडीची तार दिसते का? कुर्डुवाडीला तेव्हा विजेची गाडी नव्हती, मिरजेला तर ब्रॉडगेजच नव्हती. सदर्नची मीटरगेज येते आणि शेजारी ब्रॉडगेजवर तारा आहेत असं तेव्हा फक्त पुणे.

फिल्मरोल
स्कॅन केलंय का मोबाईलने काढलाय? १२०० डीपीआयवर स्कॅन करा, शक्य तर निगेटिव्हवरून, आणि डब्याच्या खालच्या कोपऱ्यातलं बारीक लिखाण बघा, तिथे वर्कशॉपची तारीख असते. आणि रंगावरून अंदाज बांधू नका, जुन्या बऱ्याच फिल्मवर लाल रंग काळाकुट्ट यायचा आणि निळा फिका, लोक हमखास फसतात.

सांगलीची_नात
बापरे, एवढं कळतं एका फोटोवरून!! निगेटिव्ह नाहीये पण दुकानात नेऊन मोठं स्कॅन करून घेतलं. तार आहे, वाघिणीच्या वर, आणि एक लोखंडी खांबपण, आधी मला तो फोटोवरचा ओरखडा वाटत होता. डब्याच्या खाली कोपऱ्यात काहीतरी आकडे आहेत, पुढचं पुसट आहे पण शेवटचं ५४ अगदी स्पष्ट दिसतंय.

रूळवेडा
मग पुणे. तारीख वर्कशॉपमधून निघाल्याची असो नाहीतर परत जायची, प्रवासी डबा काही वर्षानुवर्षं बाहेर राहत नाही, १९५३ ते ५५ धरा.

कुर्डुवाडीकर
बरं बाबा पुणे. पण बार्शी लाईटचे डबे दिसायला याहून भारी होते हे मी मागे घेणार नाही 😤

सांगलीची_नात
आत्याला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणते थर्ड क्लासने पुण्याला आले असतील, पण पुढे डेक्कन क्वीननेच गेले, गाडी फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे उभी होती 🤦‍♀️

रूळवेडा
हाहा, आत्यांपुढे कोण बोलणार. मीटरगेजने पुण्यात उतरून मुंबईची गाडी पकडली असेल हे अगदी शक्य आहे, पण जून ५५ च्या आधी गेले असतील तर क्वीनसाठी वरच्या वर्गाचं तिकीट काढावं लागलं असतं, इंटरव्ह्यूला निघालेल्या पोराला ते परवडलं का हे आत्यालाच विचारा. आणि अल्बमात मिरज जंक्शनचा एखादा फोटो असेल तर नक्की टाका, तिथे मीटर आणि नॅरो दोन्ही गाड्या असायच्या, दोन्ही डबे एका फोटोत मिळाले तर कुर्डुवाडीकरांचा वादही मिटेल.