मदत हवी आहे: पार्किन्सन्स असलेल्या बाबांना अलास्का क्रूझला न्यायचंय, केबिन कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिनने हलवावा.

आई-बाबा मे महिन्यात साताऱ्याहून आमच्याकडे सिएटलला येतायत, चार महिने राहतील. आईला कुणीतरी व्हॉट्सॲपवर हिमकडा समुद्रात कोसळतानाचा व्हिडिओ पाठवला तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "ते तुमच्याकडनं जवळ आहे ना गं?" जवळ कसलं, पण सिएटलहून सात रात्रींच्या क्रूझ सुटतात आणि अलास्कातली जुनो, स्कॅगवे, केचिकन ही बंदरं करून परत आणतात, म्हटलं हेच बरं, रोज सामान बांधाबांध नाही.

अडचण अशी की बाबा ७४ चे, पार्किन्सन्सला सात वर्षं झाली. सिंडोपा घेतली की तासाभरात असे चालतात की आजार आहे म्हटलं तर कुणाला खरं वाटू नये, आणि गोळीचा असर उतरला की दहा पावलं टाकताना घाम फुटतो. घरात काठी, बाहेर वॉकर. दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, गेल्या दिवाळीत घरच्याच बाथरूमच्या दारात पडले, नशीब फक्त खरचटलं. रात्री तीनदा तरी उठतात. आईचे गुडघे गेलेत, ती त्यांना उचलू शकत नाही आणि तिला स्वतःला झोपताना श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं.

आता केबिन. ॲक्सेसिबल केबिन घ्यावी असं मला वाटतं पण बाबा म्हणतात मी काय अपंग आहे का, चालता येतंय मला, ज्याला खरी गरज आहे त्याची खोली कशाला अडवायची. नवरा पण थोडा त्यांच्याच बाजूचा. व्हीलचेअरचं नाव काढलं की बाबा चिडतात. मुंबई एअरपोर्टवर मात्र चालते हं, कारण तिथे लाइनीत उभं राहावं लागत नाही!

तर एक म्हणजे साध्या केबिनमध्ये भागेल का, दुसरं म्हणजे व्हीलचेअर इथूनच न्यावी की जहाजावर देतात, आणि बोट लागली तर पार्किन्सन्सच्या गोळ्यांबरोबर काय देतात. कुणी असं कुणाला नेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज, ट्रॅव्हल एजंट फक्त "नो प्रॉब्लेम मॅम" म्हणतोय.

—

खारीबिस्किट:
सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी नेलंय, त्यांना पार्किन्सन्स नव्हता, पॅरालिसिस होऊन गेला होता. साधी केबिन अजिबात घेऊ नका. बाबा किती चालतात हा प्रश्नच नाहीये, दार केवढं आहे हा आहे. साध्या केबिनचं दार साधारण २२-२३ इंचांचं असतं, ॲक्सेसिबलचं ३२. आणि साध्या बाथरूमला बऱ्याच जहाजांवर चांगला उंच उंबरा असतो, शॉवर म्हणजे पडदा लावलेला डबा, त्यात साबण पडला तर वाकता येत नाही. ॲक्सेसिबलमध्ये उंबरा नाही, धरायला दांडे, शॉवरमध्ये घडीची सीट. दारात पाय अडकतात असं तुम्हीच लिहिलंय, मग रात्री तीनदा तो उंबरा कोण ओलांडणार?

जागा अडवण्याचं म्हणाल तर बुकिंग करताना काय गरज आहे ते विचारतात, फॉर्म भरून घेतात. जहाज परदेशी झेंड्याचं असलं तरी अमेरिकन बंदरातून प्रवासी घेत असेल तर अपंगांसाठीचा तिथला कायदा लागू होतो, २००५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय तसं. त्या खोल्या अशाच लोकांसाठी आहेत. फक्त मोजक्या असतात आणि लवकर जातात, त्यामुळे वाद नंतर घाला, बुकिंग आधी करा.

व्हीलचेअर स्वतःची न्या किंवा भाड्याने घ्या. जहाजाच्या खुर्च्या चढ-उतरायच्या वेळेपुरत्याच देतात, आठवडाभर वापरायला नाही.

—

नदीकाठ:
सीपॅपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. घरचा सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, जहाजाच्या वायरिंगला तो चालत नाही, आग लागू शकते, चेकिंगला काढून घेतात. प्लग पलंगापासून लांब असतो, त्यामुळे बुकिंगनंतर लगेच ईमेल करून सीपॅपसाठी एक्स्टेन्शन आणि डिस्टिल्ड वॉटर दोन्ही मागून ठेवा.

आणि इन्शुरन्स!! आई-बाबांसाठी जो व्हिजिटर इन्शुरन्स घ्याल त्यात जुन्या आजाराचं कलम नीट वाचा. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर पडतं, आधी भरा मग क्लेम करत बसा. हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर काय, हे आधी लेखी विचारा.

—

गोळीबंद:
मी जीपी आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, तेव्हा शेवटचा शब्द बाबांच्या डॉक्टरांचा. पण एक गोष्ट कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा. चक्कर-उलटीला आपल्याकडे सर्रास स्टेमेटिल किंवा पेरिनॉर्म देतात, जहाजांवर प्रोमेथाझिनचं इंजेक्शन देतात. पार्किन्सन्समध्ये ही तिन्ही टाळतात, डोपामिन अडवतात त्यामुळे हातपाय अजून आखडतात. कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्टीने म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो. डॉमस्टाल चालण्यासारखं असतं पण ते अमेरिकेत मिळत नाही, म्हणून साताऱ्यातून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून उलटीचं औषध ठरवून घ्या.

गोळीची वेळ चुकवू नका. जहाजावर जेवण लांबतं, आणि अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे, घड्याळ बदललं की गोंधळ होतो. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको, ती बॅग केबिनवर यायला संध्याकाळ होते कधीकधी.

—

मीच (धागाकर्ती):
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! उंबऱ्याचं वाचून नवरा गप्प झाला, त्याचं श्रेय खारीबिस्किट तुम्हाला. गोळीबंद, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आईला पाठवतेय. इनसाइड पॅसेज (बेटांच्या आतला समुद्रमार्ग) शांत असतो म्हणतात ना, मग बोट फारशी लागणार नाही असं धरून चालू का?

—

भटकभवानी:
नाही, इथेच लोक फसतात. सिएटलची बहुतेक जहाजं व्हँकुव्हर आयलंडच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात, तिथे हलतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून सुटणारी या बेटाच्या आतल्या बाजूने, आडोशाने जातात. तोल जाणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे.

तुम्ही म्हणाल कॅनडाचा व्हिसा कोण काढणार. पण तो सिएटलहून गेलात तरी लागणारच आहे! परदेशी जहाजाला अमेरिकन बंदरातून निघून मधे कुठलंही परदेशी बंदर न घेता परत यायला १८८६ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून ती कॅनडातल्या एखाद्या बंदराला, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला, काही तास थांबतात, आणि भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा हवा. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला नको, आई-बाबांना हवाच. एजंटने सांगितलं का हे? व्हिसा काढायचाच आहे तर व्हँकुव्हरहून जा, तुमच्यापासून गाडीने तीन तास.

ग्लेशियर बे (अलास्कातलं हिमनद्यांचं राष्ट्रीय उद्यान) असलेली फेरी बघा. तिथे उतरावंच लागत नाही, रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात आणि बर्फ डेकवरनं दिसतो. जुनोला रोपवे धक्क्यालगतच आहे, खुर्ची आत जाते. स्कॅगवेच्या डोंगरातल्या रेल्वेला व्हीलचेअरची लिफ्ट आहे पण आधी सांगावं लागतं. जिथे छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात ती बंदरं मात्र टाळा, लाटा असल्या तर खुर्ची घेत नाहीत.

—

मीच (धागाकर्ती):
व्हिसाचं एजंट एका अक्षराने बोलला नव्हता. आज व्हँकुव्हरवाली बुक केली, ॲक्सेसिबल केबिन, आमची शेजारची. बाबांना सांगितलं की ही केबिन मोठी आहे, तर म्हणाले "हां मग ठीक आहे", बाकी काही बोलले नाहीत. खुर्ची आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून नेतोय, बघू कोण बसतं.

आता शेवटचं एक. फिजिओने सांगितलं होतं की दारात जमिनीवर रंगीत आडव्या पट्ट्या चिकटवल्या की पाय उचलला जातो, घरी खरंच फरक पडलाय. जहाजावर केबिनच्या कार्पेटवर नीट चिकटेल आणि निघताना डाग न ठेवता निघेल अशी टेप कुठली? नाहीतर लेझरची रेघ पाडणारा वॉकर असतो म्हणे, सिएटलच्या आसपास कुणाकडे पडून असेल तर आठवडाभरासाठी मिळेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.