फॅकल्टी ट्रेनिंगच्या अनुदानाचा अर्ज: 'उद्दिष्ट' या रकान्यात नक्की काय लिहायचं?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका अनुदानित सिनियर कॉलेजला भूगोल शिकवते, सातवं वर्ष चालू आहे. डेहराडूनच्या आयआयआरएसला (इस्रोची संस्था) रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) आणि जीआयएसचा (कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र) प्रत्यक्ष जाऊन करायचा कोर्स मला करायचाय. फी, प्रवास, राहणं सगळं धरलं तर घरखर्चातून जमण्यासारखं नाही, म्हणून विद्यापीठाच्या शिक्षक प्रशिक्षण अनुदानाला अर्ज करायचं ठरवलंय. मागं दुसऱ्या एका ठिकाणी असाच अर्ज केला होता, तो नामंजूर होऊन आला, कारण काही कळवलं नाही. तेव्हा उद्दिष्टात मी नवीन शैक्षणिक धोरण, गुणवत्तावाढ, कौशल्यविकास वगैरे अर्धं पान लिहिलं होतं.
खरं सांगायचं तर मला हे शिकायचंय ते पुरामुळं. २०१९ ला आणि परत २०२१ ला माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरात पाणी होतं. पाऊस वाढला की पोरं विचारतात, मॅडम आयर्विन पुलाला ४५ फुटाची धोका पातळी गाठली तर आमच्या गल्लीत कुठवर येणार? आणि मी फळ्यावर खडूनं नदीचं वळण काढून दाखवते, त्याच्या पुढं मला जाता येत नाही. त्यांनी स्वतः नकाशा करून बघावा एवढं मला शिकवता यायला पाहिजे. पण असलं अर्जात लिहितात का? कुणी अर्ज केलेत, मंजूर झालेत, त्यांनी प्लीज सांगा.

अजिंक्यतारा (सातारा)
मॅडम, तुमचा दुसरा पॅरा आहे ना, तोच अर्ज आहे, तोच लिहा. मी आमच्या संस्थेत असे अर्ज छाननीला तीन वर्षं बघितलेत आणि मनापासून सांगतो, धोरणाचं अर्धं पान प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळं ते कुणी वाचत नाही. वाचणारा शोधत असतो की हे शिकून आल्यावर कुठल्या वर्गात, कुठल्या पेपरला, कुठल्या सेमिस्टरला काय बदलणार. म्हणजे बीएच्या तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक, इतकी मुलं, प्रत्येकानं आपल्या गावाचा किंवा वॉर्डाचा पूररेषेचा नकाशा क्यूजीआयएसवर करायचा (ते नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे हे मुद्दाम लिहा, नाहीतर पुढं लायसन्सचा खर्च कोण करणार ही शंका येते). मुलांचा आकडा खरा लिहा, २२ असतील तर २२च.
दुसरं बजेट. गोल आकडे टाकू नका ओ. प्रवास २०,००० असं लिहिलं की अंदाजपंचे वाटतं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, तिथून पुढं डेहराडून, तुम्हाला लागू असलेल्या क्लासचं भाडं, जाणं आणि येणं वेगळं, अशी फोड करा. फीला संस्थेचं माहितीपत्रक जोडा. आणि कोर्स व्हायच्या आधी मंजुरी पाहिजे, आधी जाऊन आलो आता पैसे द्या असं सहसा चालत नाही.
रजेचं पण आत्ताच बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात अशा कोर्सला शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस ड्युटी लीव्ह देता येते, ती देणार असं प्राचार्यांचं पत्र सोबत असलं की अर्ज एकदम पक्का दिसतो.

माणदेशी मास्तर (आटपाडी)
आधी पात्रता वाचा, मग बाकीचं. मी सीएचबीवर (तासाप्रमाणं मानधनावर) आहे, नेटची पात्रता परीक्षा झालीय, पण बऱ्याच योजनांत पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक अशी अट असते तिथंच आमचं नाव कटतंय. शिकायची गरज आम्हाला पण तेवढीच हाय, तास तर आम्ही पण तेच घेतोय. मॅडम तुमचं सातवं वर्ष म्हणजे तुम्ही बसताय, तर सोडू नका.
एक गोष्ट सांगतो जी मला उपयोगी पडली. आयआयआरएसचेच ऑनलाइन आउटरीच कोर्स असतात, फी न्हाय, मी रात्री घरात बसून दोन केलेत, सर्टिफिकेट मिळालं. तुम्ही आधी त्यातला एक करा आणि ते अर्जाला जोडा. मग लिहिता येतं की एवढं घरी बसून शिकले, आता प्रत्यक्ष लॅबमध्ये हात बसायला पाहिजे म्हणून जायचंय. नुसतं मला शिकायचंय यापेक्षा लय फरक पडतो. आमच्याकडं पुराच्या उलटं, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कुठवर पोचलं आणि कुठलं शिवार अजून कोरडं हाय ते मी पोरांना सॅटेलाइट इमेजवर दाखवतो, पहिल्या दिवशी निम्मी पोरं तास संपला तरी उठली नव्हती.

ग्रंथपाल ताई (कराड)
सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, मी हिशोबाचं बोलते कारण तिथं माझी स्वतःची ५ महिने रखडपट्टी झाली. पैसे बऱ्याचदा आधी मिळत नाहीत, आधी आपण खर्च करायचा मग बिलं दिल्यावर येतात, तेव्हा तेवढी सोय आधी करून ठेवा. मिळालेल्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, केंद्राचा पैसा असेल तर जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२ए चा नमुना, प्राचार्यांची सही, काही ठिकाणी सीएची पण. माझं एक राहण्याचं बिल साध्या कागदावर होतं, ना जीएसटी नंबर ना शिक्का, त्या एका कागदासाठी पूर्ण फाईल परत आली. तिकिटं, फीची पावती, हजर राहिल्याचं पत्र सगळ्याचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, थर्मल पेपरवरची पावती दोन महिन्यांत पांढरी होते.
आणि प्राचार्य सरांकडं जाताना आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) मॅडमना सोबत घ्या. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) निकषांत शिक्षकांना परिषदा-कार्यशाळांसाठी आर्थिक मदत केली का हे विचारत आलेत, त्यामुळं विद्यापीठाकडून थोडे कमी मिळाले तर उरलेले कॉलेज देईल का हे विचारायला तुम्हाला बिनधास्त जागा आहे. अर्ज आवकला दिला की नंबर आणि तारीख आपल्या कॉपीवर घ्याच. शेवटच्या तारखेच्या निदान १० दिवस आधी द्या कारण सही, मग संस्थेचं शिफारसपत्र, यातच आठवडा जातो.

कृष्णाकाठ (सांगली)
सर, ताई, मास्तर, खरंच आभार. आउटरीचच्या पुढच्या कोर्सला आजच नोंदणी करते. उद्दिष्ट परत लिहिलंय, बघा:
"बीए भाग ३ च्या २६ विद्यार्थ्यांपैकी ११ जण पूरबाधित भागात राहतात. प्रशिक्षणानंतरच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थी आपल्या वस्तीचा पूरनकाशा क्यूजीआयएसवर तयार करेल. ते नकाशे महाविद्यालयात जतन करून दरवर्षी पावसाळ्यानंतर दुरुस्त केले जातील."

अजिंक्यतारा (सातारा)
झकास. एकच, 'दुरुस्त केले जातील' च्या जागी कोण करणार ते लिहा, विभाग की तुम्ही. आणि तयार नकाशे ग्रामपंचायतीला, महापालिकेला देणार असाल तर तेही एक ओळ टाका, पण देणार असाल तरच.

कृष्णाकाठ (सांगली)
देणार आहे सर. सोमवारी आवकला टाकते.