देवबाग: बंधाऱ्याने टोक थांबत नाही

मालवणजवळच्या देवबागचा किनारा समुद्र खातोय, त्यावर ‘समुद्राच्या बाजूने दगडी बंधारा घातला की देवबाग वाचलं’ असं काही जण म्हणतात. बंधाऱ्यामागची जमीन वाचेल, पण पुळण, म्हणजे समोरचा वाळूचा किनारा, जाईल. लाट उतरत्या किनाऱ्यावर चढत जाऊन दमते. दगडावर आपटली की उलटते आणि पायथ्याची वाळू उपसून नेते. पायथा खोल गेला, की वरचे दगड खाली बसतात. बंधारा जिथे संपतो, तिथली धूप तर वाढतेच.

दुसरं, देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्या टोकाचा आकार नदीच्या मुखातून आतबाहेर करणारं पाणी ठरवतं. हिशोब सोपा आहे: समजा, भरतीचं पाणी खाडीत 5 चौरस किलोमीटरवर पसरतं आणि पातळीतला फरक 2 मीटर आहे. म्हणजे एका ओहोटीत 1 कोटी घनमीटर पाणी मुखातून बाहेर पडतं. हाच मुखाचा झाडू. आत भराव घातला, की झाडू आखडतो आणि लाटांनी आणलेली वाळू तोंडाशी साचते. खाडीतला वाळूचा अति उपसाही वाईटच. तो खड्डा भरायला वाळू आजूबाजूच्या काठावरून येते.

मोजमाप घेणार असाल, तर मे महिन्याची तुलना पुढच्या मे महिन्याशीच करा, तीही उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) ओहोटीला, पक्क्या खुणेपासून. पावसाळ्यात पुळणीची वाळू किनाऱ्यालगत पाण्याखाली जाऊन बसते आणि दिवाळीनंतर हळूहळू परतते. सप्टेंबरचा फोटो दाखवून ‘किनारा गेला’ म्हणणं म्हणूनच फसवं.