काकांची रोडकिंग उठवायची आहे: इंजिनापासून सुरुवात करू की थेट बॉबर?

लालबागकर_भांडुप

नमस्कार मंडळी. मोठ्या काकांची येझदी रोडकिंग, १९८४ ची, लालबागला आमच्या चाळीमागच्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. काका गेल्यापासून तिला कुणी हात लावला नाही. आता चाळ पुनर्विकासात चाललीय, बोळ मोकळा करा म्हणून नोटीस लागली, तेव्हा टेम्पोत घालून भांडुपला आणली.

अवस्था अशी: टाकीत गंज आणि तळाला जुन्या पेट्रोलचा डिंक. किक हलत नाही, अंगाचा भार टाकला तरी नाही. दोन्ही सायलेन्सर खालून सडलेत, मागचं मडगार्ड बोटाने दाबलं तर आरपार. चेसिस मात्र ठणठणीत दिसते.

जागा म्हणजे बिल्डिंगच्या स्टिल्टमधलं माझं पार्किंग. सेक्रेटरींनी फक्त रविवारी सकाळी परवानगी दिलीय. ग्राइंडर चालवायचा नाही, लादीवर तेलाचा डाग दिसला तर गाडी बाहेर. पाने आणि सॉकेट सेट आहे. आजवर स्प्लेंडरचा कार्बुरेटर आणि क्लच प्लेट एवढंच खोललंय.

डोक्यात बॉबर आहे. मागची चेसिस कापायची, सिंगल सीट, उजवा सायलेन्सर काढून डावा एकच ठेवायचा, मॅट काळा रंग. बजेट साठ हजार. एका गॅरेजवाल्याने इंजिन न बघताच सव्वा लाख सांगितले. कागद काकांच्याच नावावर आहेत, पासिंग कधीच संपलंय. काकू म्हणते काय हवं ते कर, फक्त लाल रंग घालवू नकोस.

कुठून सुरू करू?

चेंबूरचा_बन्या

भाऊ, कापू नकोस! म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, चेसिस काय परत छापून मिळणारे का? आणि २०२२ ला जी नवी येझदी आली तिच्या भरवशावर राहू नकोस. ती चार स्ट्रोक, तिचा एक वायसर तुझ्या गाडीला लागणार नाही. काकू बरोबर बोलतात.

परळ_फिटर_निवृत्त

लालबागकर, मी रेल्वेच्या परळ वर्कशॉपात फिटर होतो. येझदी स्वतः चालवलीय आणि लोकांच्याही खोलल्यात. रंगाचं नंतर बघू. त्या किकला आता अजिबात पाय लावायचा नाही.

प्लग काढ. भोकातून डिझेल आणि टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं, 2T) निम्मं-निम्मं मिसळून पेलाभर ओत. प्लग हलका बसवून आठवडाभर विसरून जा. पुढच्या रविवारी गाडी टॉप गिअरला टाक आणि मागचं चाक धरून पुढे-मागे हळूहळू झुलव. सुटला पिस्टन तर असाच सुटतो. पाइप लावून जोर केलास तर आधी लिव्हरचे दाते जातील. रोडकिंगचा किक आणि गिअर एकच लिव्हर आहे हे तुला ठाऊक असेल: आत दाबून वर फिरवला की किक, परत पुढे आणला की गिअर. त्याच्या शाफ्टवरच्या बारीक दात्यांवर दोन्ही कामं आहेत. ते झिजले की भर सिग्नलला गिअर पडत नाही, आणि मागचा टॅक्सीवाला तुझ्या घराण्याचा उद्धार करतो.

पिस्टन सुटला की लगेच चालू करून बघायचा मोह होईल. करू नकोस. माझं सगळं सांगणं इथेच आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

दोन स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या डब्यात येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद पाहिजे. ती बंद ठेवायला क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची ऑइल सील असतात. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ती वाळलेल्या आमसुलासारखी कडक झालेली असतात. उजवीकडचं, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर तिथून फुकटची हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, गाडी आपोआप वर वर रेस होते, पोरं म्हणतात काय पिकअप आहे, आणि दादर-माहीमच्या दरम्यान कुठेतरी पिस्टन चिकटतो. डावीकडचं, प्रायमरी चेनच्या (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या आतल्या चेनच्या) बाजूचं गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतं. पांढरा धूर थांबत नाही, आणि गिअर ऑइलची पातळी का उतरते ते कळत नाही. पुष्कळ लोक तेव्हा कार्बुरेटरचं जेट बदलत बसतात. दोष तिथे नसतोच.

तेव्हा इंजिन उतरवून पूर्ण खोल. क्रँककेस उघडलीच आहे तर मेन बेअरिंग, दोन्ही सील आणि कनेक्टिंग रॉडचं किट एकदमच टाक. क्रँक भरायचं, म्हणजे त्यात नवा रॉड बसवायचं काम घरी होत नाही, त्याला प्रेस लागतो आणि भरल्यावर डायल गेजवर बघून सरळ करावा लागतो. चांगला लेथवाला गाठ. केसचे दोन भाग हातोडीने फोडायचे नाहीत. बेअरिंगच्या जागेवर हॉट एअर गनने शेकवलं की ॲल्युमिनियम आपणहून सोडतं. मॅग्नेट ओढून काढायला पुलरच लाव.

जोडल्यावर माझी एक सवय सांगतो. इनटेकचं तोंड आणि दोन्ही एक्झॉस्टची तोंडं रबर लावून बंद कर, मॅग्नेट अजून बसवायचा नाही, आणि सायकलच्या पंपाने जरा हवा भर. पाच-सहा पीएसआय, त्यापुढे नाही. सील आणि गास्केटवर साबणाचं पाणी लाव. बुडबुडा दिसला तिथे गळती. एवढं केलंस तर पुढे रस्त्यावर पाना काढायची वेळ क्वचित येईल.

आता तुझा एक सायलेन्सर. सिलिंडर एकच असला तरी त्याला एक्झॉस्टची तोंडं दोन आहेत. एक बंद करून चालत नाही. शिवाय दोन स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग. त्याची लांबी आणि आतली रचना बदलली की ताकद भलतीकडेच जाते. जोडी नवी घे, डिझाइन तेच ठेव.

बॉबर करायचाच असेल तर एक नियम पाळ: जे पान्याने निघतं तेवढंच बदल. सीट, हँडल, मडगार्ड, हेडलाइट. जुनं सगळं सामान गोणीत बांधून ठेव, उद्या मन बदललं तर रविवारच्या एका सकाळीत गाडी परत मूळ रूपात. चेसिसला करवत लावलीस की तो रस्ता बंद.

टाकी: बारीक खडी आणि पाणी घालून हलवायची, मग पांढरं व्हिनेगर भरून दोन दिवस, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच सुकवायची. आतून टूटी ऑइल फिरवून ठेव, नाहीतर मुंबईच्या हवेत दुसऱ्या दिवशी तांबूस होते. भोक निघालं तर घरी वेल्डिंग करू नकोस. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ फुटते. पेट्रोलचे पाइप आणि कॉकचे वायसर नवे टाक. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं.

सामानासाठी आधी कुर्ल्याचा सीएसटी रोड. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे जुनं ओरिजिनल काहीतरी हाती लागतं, पण सील आणि बेअरिंग तिथून घ्यायची नाहीत.

आरटीओची_रांग

इंजिनावर मी बोलत नाही, कागदांवर बोलतो. लालबागकर, गाडी थेट तुमच्या नावावर होणार नाही. वारस काकू आणि त्यांची मुलं. आधी फॉर्म ३१ भरून काकूंच्या नावावर, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या नावावर.

आरसी पुस्तकाच्या जमान्यातली असेल तर आधी बघा की गाडी ‘वाहन’ पोर्टलवर दिसते का. नसेल तर जिथे नोंदणी झाली त्या आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यायची. त्याशिवाय ऑनलाइन काहीच सरकत नाही. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ ने, पाच वर्षांसाठी, आणि दुचाकीचा पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी लागेलच. विंटेजचा नियम ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना आहे, तुम्हाला तो लागू नाही.

तपासणीला इन्स्पेक्टर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतो. पावडर कोटिंगवाला त्या नंबरवर जाड थर चढवून मोकळा होतो आणि आकडे बुजतात. आधी स्वतः टेप लावा. चेसिस कापण्याबद्दल: मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ वाचा. रंग बदलला तर तोही आरसीवर चढवावा लागतो, म्हणजे काकूंचा लाल रंग कागदाच्या दृष्टीनेही स्वस्त.

चेंबूरचा_बन्या

काकू १, मॅट काळा ०.

लालबागकर_भांडुप

सगळ्यांचे आभार. पिस्टन सुटला! फिटर काका, तुम्ही सांगितलं तसंच, चाक झुलवताना आधी ‘टक’ झालं आणि मग फिरलं. हेड आणि सिलिंडर काढलंय, खाली जुनी फ्लेक्सची शीट अंथरली, लादी कोरडी आहे, सेक्रेटरी दोनदा वाकून बघून गेले. काकू सही करायला तयार आहे, तिच्या मुलीची, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचीही हरकत नाही. चेसिस कापायचा विषय संपला. सीट तेवढी बोल्टवर बसणारी करून घेणार, आणि रंग लालच.

आता प्रश्न: एक्झॉस्टच्या तोंडाजवळ सिलिंडरला उभे ओरखडे आहेत, नख अडकतं. नुसते नवे रिंग टाकून चालेल का? लेथवाला म्हणतो सिलिंडर ठेवून जा, बोअर करतो (आतून कापून मोठा करतो), पिस्टन मग बघू.

परळ_फिटर_निवृत्त

नख अडकतं म्हणजे बोअर करायलाच हवं, रिंगने भागणार नाही. पण सिलिंडर त्याच्याकडे तसाच सोडून येऊ नकोस. आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत आण. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर आकडा कोरलेला असेल तर त्यावरून आधी किती वेळा बोअर झालंय ते कळेल, त्याच्या पुढचा साइज घे. हातात आलेला पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करतात. उलटं केलं तर पिस्टन आणि सिलिंडरमधली गॅप नशिबावर.

आणि दुसरं, बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या तोंडांच्या) कडा सुरीसारख्या धारदार राहतात, रिंग त्यात अडकून तुटते. कडा गोल मारून दे असं त्याला चिठ्ठीवर लिहून दे आणि चिठ्ठी सिलिंडरलाच तारेने बांध. तोंडी सांगितलेलं लेथवाल्यांच्या लक्षात राहत नाही.