ऑफसेट छपाई मशीन: मजेंटाचे (गुलाबी शाईचे) रोलर शाई धरत नाहीत, फिके पट्टे येतात. काय तपासायचं?

प्रश्न (नऱ्हे, पुणे):
19×26 इंची, दोन कलरची जुनी मशीन, 130 जीएसएम आर्ट पेपर. पहिले दीड-दोन हजार शीट सॉलिड (पूर्ण रंगाचा भाग) भरगच्च येतं. मग मजेंटाच्या युनिटचे रोलर जागोजागी शाई सोडतात आणि शीटवर चालीच्या दिशेने बोटभर रुंद फिके पट्टे येतात. कीज (शाई कमी-जास्त करायचे स्क्रू) उघडल्या तर शेजारचा भाग डबडबतो, पट्टा तसाच राहतो. रॉकेलने धुतलं की तासभर ठीक चालतं. सायनला (निळ्या शाईला) त्रास नाही. शाई बदलून झाली. पाणी टँकरचं आहे. फाउंटनचा (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याचा) पीएच सकाळी 5, दुपारी 5.8. रोलरवर नवं रबर चढवून घ्यायचं का?

उत्तर 1:
रोलरवर एवढ्यात खर्च करू नका. मशीन थांबवून आधी बघा, शाई कुठल्या रोलरने सोडली आहे. लोखंडी ऑसिलेटर (आडवा सरकत शाई पसरवणारा रोलर) उघडा पडला असेल तर फाउंटनमध्ये अॅसिड किंवा गम (डिंक) जास्त आहे, नाहीतर पाणीच जास्त चालतंय. रबराचा रोलर उघडा पडला असेल तर तो पुसून नख फिरवा. चकचकीत, पांढरट, काचेसारखा थर लागला तर तो कॅल्शियम. माझा संशय यावरच आहे, कारण तुमचा पीएच दिवसभरात चढतोय. आर्ट पेपरच्या कोटिंगमधला चुना अॅसिडच्या पाण्यात विरघळतो, त्यात टँकरच्या जड पाण्याची भर पडते. आणि मजेंटाच का? त्यातलं नेहमीचं रुबीन पिगमेंट हेच मुळात कॅल्शियमचा क्षार आहे. त्यामुळे हे दुखणं बहुतेक मजेंटालाच आधी दिसतं.

उत्तर 2:
वरच्यांशी सहमत. रॉकेलने शाई निघते, कॅल्शियम जागचं हलत नाही, म्हणून तासाभरात परत तेच. आधी नेहमीच्या वॉशने शाई पूर्ण काढा. मग कॅल्शियम रिमूव्हर, तो नसेल तर पांढरा व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं, स्क्वीझ बॉटलने थोडं थोडं रोलरवर सोडा. मशीन मंद गतीवर पाच मिनिटं चालवा, वॉश-अप ब्लेडने (रोलरवरचं द्रव खरवडून घेणारी पट्टी) ओढून घ्या. लगेच साध्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर शाफ्टच्या टोकांना गंज धरतो. शेवटी परत वॉश मारून रोलर कोरडे करा. थर जुना असेल तर एका वेळेत जाणार नाही, दोन-तीन दिवस लागोपाठ करा. एक कळकळीची विनंती: फिरत्या रोलरला चिंधी लावू नका. बोट गेलं की परत येत नाही.

उत्तर 3:
थर निघाल्यावर शोअर ए मीटरने रबराचा कडकपणा मोजा. नवा फॉर्म रोलर (प्लेटला शाई लावणारा) साधारण 25 ते 35 असतो, 45 च्या पुढे गेला तरच बदला. पट्टीही (रोलर प्लेटवर टेकल्याची शाईची खूण) तपासा: फॉर्म रोलरवर शाई चढवून मशीन थांबवा, रोलर क्षणभर प्लेटवर टेकवा, उचला. पट्टी 4 मिमीच्या आसपास आणि दोन्ही टोकांना सारखी हवी (नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या). टोकं रुंद आणि मध्य बारीक दिसला तर रोलर टोकांना फुगलाय किंवा मध्ये झिजलाय, सेटिंगने ते सुटत नाही.

प्रश्नकर्ता:
रबरच आहे, नखाला थर लागतो. मग आरओचं पाणी वापरू का?

उत्तर 1:
निव्वळ आरओ नको. अगदी मऊ पाणी कागदातला चुना आणखी ओढतं. आरओमध्ये नळाचं किंवा टँकरचं पाणी मिसळून हार्डनेस (पाण्याचा जडपणा) 140 ते 215 पीपीएममध्ये आणा. खडकवासल्याचं नळाचं पाणी मिळालं तर तेही मोजून बघा, बोअरपेक्षा बरंच मऊ असतं. फाउंटनचं कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायचं दाट द्रावण) अंदाजाने ओतू नका. 10 लिटरला 200 ते 300 मिली, डब्यावर लिहिलंय तेवढंच, मोजपात्राने. पीएच 4.8 ते 5.3 ठेवा, पण नुसत्या पीएचवर विसंबू नका. बफर (पीएच स्थिर ठेवणारा घटक) संपेपर्यंत तो हलत नाही. ताज्या मिश्रणाची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मोजून लिहून ठेवा आणि ती सुमारे 1000 मायक्रोसिमेन्सने वाढली की टाकी रिकामी करून, घासून, नवीन भरा. वर भर घालत राहिलात तर कॅल्शियम टाकीतच साठत जातं.