शब्दचर्चा : अमेरिकन वसाहतींच्या संदर्भात ‘कर’, ‘जकात’, ‘बंड’ आणि ‘वसाहत’

प्रश्न :
इतिहासाच्या एका पूरक पुस्तिकेचे संपादन करताना ‘इंग्लंडने लादलेल्या जाचक करांमुळे अमेरिकेतील वसाहतींनी बंड पुकारले’ असे वाक्य समोर आले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट नाही आणि अशी वाक्ये आपण सर्वांनीच शाळेत वाचलेली आहेत. तरीही ‘जाचक कर’, ‘बंड पुकारणे’ आणि ‘वसाहती’ हे तिन्ही प्रयोग मला खटकत आहेत. १७६५ ते १७७६ या काळातील घडामोडींसाठी नेमके कोणते शब्द योजावेत, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ :
‘कर’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो भोंगळपणे वापरला की मूळ वादच दिसेनासा होतो. बंदरात उतरणाऱ्या मालावरची जकात आणि लोकांच्या मालमत्तेवर किंवा व्यवहारांवर बसवलेला कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे वसाहतींतील लोक निदान सुरुवातीला मानत होते. साम्राज्याच्या व्यापाराला वळण लावण्यासाठी पार्लमेंटने जकात बसवली, तर ती त्यांना तत्त्वतः मान्य होती, मग प्रत्यक्षात ती चुकवण्याकडे कल असला तरी. रम गाळण्यासाठी लागणाऱ्या परदेशी मळीवर १७३३ पासून गॅलनमागे ६ पेन्स जकात होती, आणि ती भरण्यापेक्षा चोरटी आयात करणे हाच बोस्टनच्या व्यापाऱ्यांचा रिवाज होता. १७६४ मध्ये ती ३ पेन्सवर आणली गेली, तरी ओरड झाली. कारण आता ती खरोखरच वसूल होणार होती आणि चुकवणाऱ्याचा खटला ज्यूरी नसलेल्या सागरी न्यायालयात चालवता येणार होता.

मार्च १७६५ च्या मुद्रांक कायद्याचे स्वरूप मात्र निराळे होते. सात वर्षांच्या युद्धानंतर इंग्लंडवर सुमारे १३ कोटी पौंडांचे कर्ज होते आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा काही खर्च तिथूनच निघावा, असा सरकारचा विचार होता. (पेशव्यांच्या दप्तरातील ‘कर्जपट्टी’, म्हणजे कर्जफेडीसाठी बसवलेला कर, या शब्दाची इथे आठवण होते.) त्यानुसार वृत्तपत्रे, पंचांगे, मृत्युपत्रे आणि न्यायालयाचे कागद मुद्रांकित कागदावरच असावेत असे ठरले, पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग आणि फाशांच्या जोडीला १० शिलिंग आकार बसला. म्हणजे व्यापाराशी संबंध नसलेला, घरातल्या आणि कचेरीतल्या रोजच्या व्यवहारात शिरणारा हा कर होता. कर म्हणजे प्रजेने आपल्या प्रतिनिधींमार्फत राजाला स्वेच्छेने दिलेले दान होय, ही इंग्लंडचीच जुनी धारणा होती आणि जानेवारी १७६६ मध्ये इंग्लंडचे राजकारणी विल्यम पिट यांनी तीच पार्लमेंटात बोलून दाखवली. तेथे वसाहतींचा एकही प्रतिनिधी नसल्याने दुसऱ्याच्या खिशातून दान देण्याचा हा प्रकार झाला, असा आक्षेप होता.

‘जाचक’ हे विशेषण म्हणूनच मला चुकीचे वाटते. करांचा बोजा इंग्लंडमधील रहिवाशांवरच अधिक होता आणि वसाहतवासी आपापल्या विधिमंडळांनी बसवलेले कर भरतच होते. तंटा रकमेचा नव्हता, अधिकाराचा होता.

प्रतिसाद २ :
वरील विवेचन मान्य आहे, पण कर आणि जकात यांतील सीमारेषा वसाहतींनीच पुढे सोडून दिली, हेही सांगायला हवे. फेब्रुवारी १७६६ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सपुढे साक्ष देताना बेंजामिन फ्रँकलिन यांनी हाच भेद मांडला होता. दोन्हींत वास्तविक काही फरक नाही, असे सभासदांनी सुचवल्यावर त्यांनी दिलेले उत्तर खोचक होते: अमेरिकन लोक अद्याप तसा विचार करत नाहीत, परंतु तुमचे युक्तिवाद ऐकून कालांतराने करूही लागतील. पुढच्याच वर्षी अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. तुम्हाला जकात चालते ना, मग ही घ्या, असा तो डाव होता.

त्याला फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी उत्तर दिले आणि ते शब्दार्थाच्या दृष्टीने फार मार्मिक आहे. कागद आणि काच ग्रेट ब्रिटनखेरीज अन्य ठिकाणाहून आणण्यास आम्हाला कायद्यानेच मज्जाव आहे आणि तोच माल इथे उतरवताना तुम्ही पैसे घेता. तेव्हा हे व्यापाराला वळण लावणे नसून निव्वळ महसूल उकळणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आकारणीला नाव काय दिले आहे यापेक्षा तिचा हेतू काय आहे, हे पाहा. त्यामुळे १७६७ नंतरच्या प्रसंगांसाठी ‘महसुली जकात’ असा जोडशब्द योजावा, असे मी सुचवेन.

चहाच्या बाबतीत तर ‘करवाढ’ हा शब्द सरळच चूक आहे. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत पाठवण्याची मुभा मिळाली आणि इंग्लंडमधील शुल्क परत मिळाल्याने तो स्वस्त झाला. एक पौंड वजनाच्या चहामागे ३ पेन्सची टाउनशेंड यांची जुनी जकात तेवढी कायम राहिली. स्वस्त चहाच्या मोहाने लोक ती भरतील आणि पार्लमेंटचा अधिकार आपोआप मान्य होईल, ही भीती १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात तीनशेहून अधिक पेट्या समुद्रात फेकण्यामागे होती. जाता जाता नोंदवतो की, याच कंपनीची आर्थिक घडी सावरण्याच्या खटपटीत त्याच वर्षी रेग्युलेटिंग ॲक्ट संमत झाला आणि मुंबईचा कारभार कलकत्त्याच्या देखरेखीखाली गेला. मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने अमान्य केला, तो याच अधिकारात.

पार्लमेंटच्या समर्थकांच्या ‘व्हर्च्युअल रिप्रेझेंटेशन’ या संज्ञेलाही चांगला मराठी शब्द हवा आहे. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांनाही स्वतःचे सभासद नाहीत, तरी प्रत्येक सभासद सर्व प्रजेचाच प्रतिनिधी मानला जातो, असा तो युक्तिवाद होता. ‘अप्रत्यक्ष प्रतिनिधित्व’ म्हटल्यास अप्रत्यक्ष निवडणुकीशी गल्लत होते. ‘मानीव अभिहस्तांतरण’ (मालमत्तेचे हस्तांतरण झाल्याचे कायद्याने मानणे) आपल्या परिचयाचे आहे, त्या धर्तीवर ‘मानीव प्रतिनिधित्व’ योग्य ठरेल. मेरीलँडचे वकील डॅनियल डुलानी यांनी ते खोडताना म्हटले होते की, इंग्लंडमधील कर मतदार आणि मतहीन दोघांनाही सारखाच लागतो, पण अमेरिकेवरचा कर वाढला तर इंग्लंडच्या मतदाराचा भार उलट हलका होतो.

प्रतिसाद ३ :
‘बंड पुकारणे’ यात आधीच ठरवून केलेली घोषणा अभिप्रेत असते, आणि तसे इथे घडलेले नाही. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन येथे गोळीबार झाल्यानंतरही वसाहतींच्या काँग्रेसने (प्रतिनिधींच्या सभेने) जुलैमध्ये राजाकडे विनंतीअर्ज धाडला. समोरच्या फौजेला ते राजाचे नव्हे, मंत्रिमंडळाचे सैन्य म्हणत. ‘बंड’ हा शब्द अधिकृतपणे वापरला तो तिसऱ्या जॉर्जने, २३ ऑगस्ट १७७५ च्या जाहीरनाम्यात. तेव्हा १७७५ पर्यंत ‘प्रतिकार’, सरकारी बाजू सांगताना ‘बंड’ आणि जुलै १७७६ नंतर ‘स्वातंत्र्ययुद्ध’ असे वापरावे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘पार्लमेंट’ हा शब्द कोठेही येत नाही, सगळे आरोप राजावर आहेत. पार्लमेंटची सत्ता आपल्यावर मुळातच नव्हती, ही भूमिका त्यात गृहीत धरलेली आहे. राज्यव्यवस्थेतील बदल सांगायचा असेल तिथे ‘क्रांती’ चालेल. मात्र ‘करांमुळे’ हे एकच कारण देऊ नये. ॲपलेशियन पर्वतापलीकडे वस्ती करण्यास १७६३ मध्ये घातलेली बंदी आणि १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद करून मॅसॅच्युसेट्सची सनद मोडणे, यांनीही तितकेच रान पेटवले.

प्रतिसाद ४ :
‘वसाहत’ हा शब्द ठेवावा, परंतु खुलाशासह. आपण भारतालाही ब्रिटिशांची वसाहत म्हणतो. तिथे परके राज्यकर्ते आणि एतद्देशीय प्रजा असे चित्र उभे राहते. अमेरिकेत लढणारे लोक बव्हंशी स्वतःच स्थायिक झालेले गोरे होते, ते ‘इंग्रजांचे हक्क’ मागत होते आणि पर्वतापलीकडची जमीन ज्यांची होती, ते मूळ रहिवासी या मागणीत नव्हतेच. म्हणून ‘वसाहतवासी’पेक्षा ‘वसाहतकार’ अधिक नेमका आहे. पत्रकांत वारंवार येणारी ‘आम्हाला गुलाम केले’ ही तक्रार अनुवादताना ‘गुलाम’ हाच शब्द कायम ठेवावा, ‘पारतंत्र्य’ असा मवाळ पर्याय घेऊ नये. संमतीशिवाय कर भरणारा तो गुलाम, असे लिहिणारे डिकिन्सन स्वतः गुलाम बाळगून होते, आणि स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा गलका गुलामांना राबवणाऱ्यांकडूनच कसा ऐकू येतो, असा टोला इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन यांनी १७७५ मध्येच मारला होता. शब्द बदलला, तर या टोल्याचा संदर्भच वाचकाला लागणार नाही.